‘क्रिटिकल’ म्हणजे चुका काढणं नव्हे

आशियातून परदेशी विद्यापीठात गेलेला विद्यार्थी ‘पाठांतरवाला’, त्याला चिकित्सक विचार जमत नाही, हा समज जुना आणि चुकीचा. चिनी विद्यार्थ्यांबद्दल शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९०च्या दशकातच मांडलं होतं, की पुन्हापुन्हा वाचणं अनेकदा समजून घेण्यासाठीच असतं. अडतं ते निबंधाच्या न सांगितलेल्या अपेक्षांपाशी. प्रश्नात ‘क्रिटिकली इव्हॅल्युएट’ (चिकित्सक मूल्यमापन करा) वाचून कुणी नुसते दोष काढतो, कुणी दहा लेखकांचे सारांश एकाखाली एक रचतो. गुण दोन्हीकडे जातात. परिच्छेदात एक दावा, त्याचा पुरावा, पुराव्याची मर्यादा (नमुना केवढा, कुठला?) आणि मग स्वतःचा निष्कर्ष हवा. ‘अमुक म्हणतात’नं सुरुवात झाली, की बहुधा सारांशच उतरतो. गुणांचे निकष, म्हणजे रूब्रिक, अनेक जण निबंध देऊन झाल्यावर उघडतात. ते आराखड्याआधी वाचावेत.