फळ्यावरची यादी कुठून आली? ख्रिस्ती तरुण नेतृत्वाची इंदुरी पार्श्वभूमी

मे महिन्यात शाळा-कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की इंदूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चांमध्ये, तरुणांची शिबिरं सुरू होतात. त्यांत एक विषय हमखास असतो: ख्रिस्ती पुढाऱ्याचे गुण. फळ्यावर यादी लिहिली जाते. नम्रता, सेवाभाव, प्रार्थना, आज्ञाधारकपणा, वेळेची शिस्त, पैशाचा चोख व्यवहार आणि हल्ली ‘व्हिजन’. सगळे गुण जणू एकाच वचनातून उतरवून घेतलेत, अशा थाटात ती यादी वाचली जाते. खरं तर त्यांतले काही बायबलमधून आलेत, काही मिशनच्या बोर्डिंगमधून आणि काही चक्क अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीच्या दारातून. कोणता कुठला हे कळलं तर कशावर किती भर द्यायचा हे तरुणांना स्वतः ठरवता येईल, म्हणून ही टिपणी.

आधार म्हणून बायबलमधलं पहिलं तीमथ्य हे पत्र पुढे केलं जातं. चौथ्या अध्यायात प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, सांगतो की तुझ्या तारुण्याला कोणी तुच्छ मानू नये. बोलणं, वागणं, प्रीती, विश्वास आणि शुद्धता यांत तू इतरांचा कित्ता हो. हे वचन शिबिरात पाठ करून घेतात. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षासाठी, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्यासाठी, अटी आहेत: मद्यपी नसावा, द्रव्यलोभी नसावा, घर नीट चालवणारा असावा आणि नवशिका नसावा. म्हणजे एकाच पत्रात तरुणाला पुढे केलंय आणि नवख्याला थांबवलंही आहे. कमिटीतले वडील तिसऱ्या अध्यायावर बोट ठेवतात, तरुण चौथ्यावर. दोघांचंही बरोबर असतं, हीच पंचाईत.

माझ्या मते जास्त कामाचा आहे तो बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय. शिबिरात तिकडे फारसं कोणी वळत नाही. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांना डावललं जातं. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. मंडळीलाच सात माणसं निवडायला सांगितली. निवडलेली नावं पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक. ज्यांच्या बाजूने तक्रार आली, वाटप त्यांच्याच हाती गेलं! इंदुरातल्या मराठी ख्रिस्ती घराला हा प्रसंग समजावून सांगावा लागू नये. उपासना हिंदीत, गीतं हिंदीत, आणि घरी आजी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं म्हणणार. मंडळीत आपण भाषेने थोडे, शहरातल्या मराठी समाजात धर्माने थोडे. अशा जागी वाढलेल्या मुलाला कोण वगळलं जातंय हे लवकर दिसतं. यादीत या गुणाला नाव नाही, पण सहाव्या अध्यायातली सगळी हालचाल त्यातूनच झाली.

आता इंदूर. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं मध्य भारतातलं काम इथे १८७७ मध्ये सुरू झालं. त्या वेळी गादीवर दुसरे तुकोजीराव होळकर होते. छावणीच्या हद्दीत ब्रिटिश एजंटाचा अंमल आणि शहरात दरबाराचा; रस्त्यावर उभं राहून उपदेश करण्याला दरबाराची हरकत होती, आणि ते तंटे एजंटापर्यंत गेले. शिक्षण आणि दवाखाना या वाटा त्या मानाने खुल्या होत्या. १८८४ मध्ये डॉक्टर एलिझाबेथ बीटी आल्या, त्यांच्यामागून डॉक्टर मॅरियन ऑलिव्हर, आणि बायकांसाठी इस्पितळ उभं राहिलं. इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं. (किशोरकुमार याच कॉलेजचे, आणि त्यांच्या कँटीनच्या उधारीचा किस्सा इंदूरकर अजून चवीने सांगतात.) कॉलेज उभारणारे जॉन विल्की कर्तबगार होते यात शंका नाही. पण सहकाऱ्यांशी, विशेषतः मिशनमधल्या स्त्रियांशी, त्यांचं जमेना. अधिकार कोणाचा यावरून वर्षानुवर्षं पत्रापत्री चालली, शेवटी कॅनडाच्या मंडळाने त्यांना परत बोलावलं, आणि पुढे त्यांनी झाशीत वेगळं काम मांडलं. शिबिरात आदर्शांच्या गोष्टी सांगतात तेव्हा ही गोष्टही सांगायला हवी, असं मला वाटतं. इमारत उभी करणं आणि माणसं सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे तीत स्पष्ट दिसतं.

यादीतला आज्ञाधारकपणा इतका वर कसा गेला? त्याचं उत्तर बरंचसं १८९९-१९०० च्या, म्हणजे संवत १९५६ च्या, छप्पन्या दुष्काळात आहे. माळव्यात आणि गुजरातेत माणसं अन्नावाचून मेली, पोरकी मुलं मिशनांच्या अनाथालयांत आली. पुढच्या पिढीतले कितीतरी शिक्षक, उपदेशक आणि बायबल वूमन (घरोघरी जाऊन बायकांना बायबल शिकवणाऱ्या) अशाच मुलामुलींमधून तयार झाले. त्यांचं लहानपण घंटेवर चाललं: उठण्याची घंटा, प्रार्थनेची, जेवणाची, झोपण्याची. मोठेपणी पगार मिशनचा आणि बदलीही मिशन करणार. ज्याने सांगितलेलं ऐकलं तो चांगला कार्यकर्ता, हे समीकरण तिथे पक्कं झालं. शेकडो मुलांना जगवायचं तर शिस्त लागणारच, त्यात वावगं काही नाही. पण दुष्काळ संपला, बोर्डिंगं कमी झाली, आणि गुण मात्र यादीत पहिल्या रांगेत बसून राहिला.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच भाषेत होतं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या पंचविशीत होत्या. मठातल्या सिस्टरांनी आणि धर्माधिकाऱ्यांनी सांगितलेलं सगळं मान्य करायला त्यांनी साफ नकार दिला. पुरोहितांच्या एका जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, अशा आशयाचं त्यांनी कळवलं. ज्यांच्या आश्रयाला राहत होत्या त्यांनाच! तिशीत त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन हा आश्रम उभा राहिला, आणि छप्पन्याच्या दुष्काळात त्यांनी गुजरातेतूनही मुली आणल्या. आपल्यामागे काम चालावं म्हणून मुलगी मनोरमा हिला त्यांनी तयार केलं होतं. ती १९२१ मध्ये, आईच्या आधी एक वर्ष, गेली. नारायण वामन टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या दोघांसाठी. या दोघांची नावं आपण अभिमानाने घेतो. त्यांचा हट्टीपणा मात्र यादीत कुठेच बसत नाही.

वेळेची शिस्त, कमिट्या, सेक्रेटरी, खजिनदार हे सगळं आलं ते ख्रिश्चन एंडेव्हर या चळवळीतून. फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी २ फेब्रुवारी १८८१ ला अमेरिकेत, मेन राज्यातल्या पोर्टलंड इथे ती सुरू केली. तरुणांनी लेखी वचन द्यायचं, प्रार्थनासभेत प्रत्येकाने काहीतरी बोलायचंच, महिन्यातून एकदा हजेरी घेताना नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणण्याऐवजी बायबलचं वचन म्हणायचं. गैरहजर राहणाऱ्यांची चौकशी करायला वेगळी कमिटी. १९०९ मध्ये या चळवळीचं जागतिक अधिवेशन आग्र्याला भरलं होतं. आजही एखाद्या तरुण संघाची जुनी वही उघडा: सभा प्रार्थनेने सुरू झाली, मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम करण्यात आला, अमक्यांनी सुचवलं, तमक्यांनी अनुमोदन दिलं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला चारचौघांत उठून बोलण्याची सवय लागली ती इथे, आणि ती लहान गोष्ट नाही.

बोलायची सवय लागली, तरी निर्णय वरच होत राहिले. म्हणून १९०५ च्या नाताळच्या दिवशी सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली: माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय. तिच्या संस्थापकांपैकी व्ही. एस. अझरिया १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत उभे राहिले तेव्हा पस्तिशीत होते. तुम्ही आमच्यासाठी त्याग केलात, आता आम्हाला मित्र द्या, असं त्यांनी मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं. दोन वर्षांनी ते पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. वायएमसीएला (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनला) मात्र पहिला भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस, के. टी. पॉल, मिळायला १९१६ उजाडलं. ‘यंग मेन’ हे नावातच असलेली संस्था कलकत्त्यात १८५७ पासून होती!

‘सेवक-नेता’ हा शब्द सगळ्यांत नवा. कल्पना अर्थात मार्कच्या दहाव्या अध्यायातली, आणि योहानाच्या तेराव्यातल्या पाय धुण्याची. पण ज्या साच्यात ती आपल्या शिबिरांत येते, तो साचा रॉबर्ट ग्रीनलीफ यांच्या १९७० च्या निबंधातला. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत उभी नोकरी करून ते निवृत्त झाले होते. त्याच वर्षी, २९ नोव्हेंबरला, नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. परदेशी माणसं जात होती, खुर्च्या आपल्या लोकांकडे येत होत्या, आणि नेमक्या त्या पिढीने खुर्ची सोडण्याचा सराव कुठे पाहिलेलाच नव्हता. पुढच्या काळातल्या कुरबुरींचं मूळ मला इथे दिसतं.

कॅथलिक बाजूला इंदूरजवळचं एक नाव टाळून चालणार नाही. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात भूमिहीन आदिवासी मजुरांना सावकारीतून सोडवण्याचं, बचतीची सवय लावण्याचं काम त्या करत. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, इतर प्रवाशांच्या देखत, त्यांचा खून झाला, वय ४१. काही वर्षांनी त्यांच्या धाकट्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, आणि घरच्यांनीही क्षमा केली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच राणी मारियांना धन्य (कॅथलिक परंपरेत संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. आपल्या मुलांना त्यांचं हौतात्म्य ठाऊक असतं; त्या गावांत बसून मजुरीचा आणि कर्जाचा हिशेब लोकांना समजावत, हे फारसं सांगितलं जात नाही.

मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मांतरावर बंधनं घालणारा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा आला. तेव्हा इथल्या तरुण पुढाऱ्याने तो निदान एकदा वाचलेला असावा, नुसतं गीत बसवून भागत नाही. दुसरी अडचण साधी आहे. बाविशीत आलेली मुलं नोकरीसाठी पुण्याला, बेंगळुरूला जातात. सेक्रेटरी गेला की वही, पासबुक आणि व्हॉट्सअॅप ग्रुप तिघेही पोरके होतात. मग एखादे काका ‘तात्पुरते’ म्हणून सूत्रं घेतात आणि दहा वर्षं ठेवतात. काही संघांनी यावर सोपा उपाय काढलाय: प्रत्येक पदाबरोबर दोन-तीन वर्षांनी लहान असा एक जोडीदार निवडायचा, आणि बँकेतली दुसरी सही त्याची ठेवायची.