निर्दोष सुटलात, आता सरकारवर दावा लावायचा तर

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात पेढे वाटले जातात आणि निकालाच्या नकलेचा अर्ज तेवढा राहून जातो. भरपाई मागायची असेल तर तो अर्ज त्याच दिवशी टाका. दुष्ट हेतूनं चालवलेल्या खोट्या खटल्याबद्दल दिवाणी दावा लावायला मुदत कायद्यानं (1963, अनुच्छेद 74) एकच वर्ष दिलंय, आणि ते निर्दोष सुटल्याच्या किंवा खटला अन्य प्रकारे संपल्याच्या तारखेपासून मोजतात. सरकार अपिलात जातंय का, हे बघत थांबू नका.

बेकायदा डांबून ठेवल्याचा दावा वेगळा (अनुच्छेद 73). त्यालाही वर्षच, पण ते कोठडीतून बाहेर आल्या दिवसापासून. म्हणजे 3 महिन्यांत जामीन झाला आणि निकाल 8 वर्षांनी लागला, तर हा दावा केव्हाच बुडालेला असतो. हातात उरतो तो खोट्या खटल्याचा. शिवाय मॅजिस्ट्रेटनं रिमांड दिला की तिथून पुढची कोठडी न्यायालयाच्या हुकमानं झालेली धरतात. त्यामुळे खरी झुंज असते ती रिमांडच्या आधीच्या तासांवर. मंगळवारी रात्री घरातून उचललं आणि अटक दाखवली गुरुवारी सकाळी, हा प्रकार फौजदारी वकिलांना नवा नाही. संविधानाचं कलम 22 सांगतं की प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला हवं. मधले तास सिद्ध करायला स्टेशन डायरीचा उतारा, वैद्यकीय तपासणीच्या कागदावरची वेळ आणि ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज लागतं. फुटेजसाठी माहिती अधिकाराचा अर्ज घरच्यांनी लगेच द्यावा, कारण ते कायम ठेवत नाहीत. ‘कॅमेरा बंद होता’ असं लेखी उत्तर आलं तरी जपून ठेवा. दाव्यात तेही उपयोगी पडतं.

आता पात्रता. नुसतं निर्दोष सुटणं पुरत नाही, आणि बहुतेकांची निराशा होते ती इथेच. खटला प्रतिवादीनं चालवला किंवा चालवायला लावला, तो तुमच्या बाजूनं संपला, त्याला वाजवी आणि सबळ कारण नव्हतं, त्यामागे दुष्ट हेतू होता आणि तुमचं नुकसान झालं, हे सगळं तुम्हीच शाबीत करायचं. निकालात ‘संशयाचा फायदा’ एवढंच असेल तर वाट अवघड होते. तपास अधिकाऱ्यानं पुरावा बनवला, पंच पोलिसांचे ठरलेले होते, फिर्याद वैरापोटी होती असे ताशेरे असतील तर सोपी. पण दिवाणी न्यायालय ते ताशेरे जसेच्या तसे उचलत नाही, हेतूचा पुरावा नव्यानं द्यावा लागतो. म्हणून फौजदारी खटल्यातल्या साक्षीदारांच्या उलटतपासणीची नक्कल निकालाइतकीच मोलाची.

यानंतर कलम 80 ची नोटीस. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे राज्य सरकारवर किंवा सरकारी अधिकाऱ्याच्या अधिकारपदावरच्या कृत्याबद्दल दावा लावायच्या आधी 2 महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. सरकारची नोटीस संबंधित खात्याच्या सचिवांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची, अधिकाऱ्याची त्याच्या हातात किंवा त्याच्या कार्यालयात. पोलिसांचा मामला म्हणजे गृह विभाग. तुमचं नाव, राहण्याचं ठिकाण, दाव्याचं कारण आणि मागणी एवढं त्यात हवंच. माझा सल्ला, नुसत्या टपालावर राहू नका. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शाखेत हातानं द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या. पुढे ‘नोटीस मिळालीच नाही’ म्हटलं गेलं तर तो शिक्का हाताशी असतो. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो, तरी त्या भरवशावर राहू नका.

कारण महाराष्ट्रात आणखी एक खाचखळगा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 161. पोलिसानं अधिकाराच्या आवरणाखाली केलेल्या कृत्याबद्दल दावा 6 महिन्यांच्या आत लावायचा, आणि संबंधित अधिकाऱ्याला किमान 1 महिन्याची नोटीस द्यायची, असं ते सांगतं. खोटी केस रचणं हे कर्तव्यात बसतच नाही, हा युक्तिवाद तुमचा वकील करेल, पण सरकारी वकील मुदतीचा मुद्दा काढणार हे गृहीत धरा. दोन्ही नोटिसा निकालानंतर पहिल्याच महिन्यात गेल्या तर हा वाद बराचसा टळतो.

दावा ‘महाराष्ट्र राज्य’, नावानिशी अधिकारी आणि जाणूनबुजून खोटी फिर्याद देणारा, असा सगळ्यांवर लावता येतो. जिल्ह्यात दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे, मुंबईत शहर दिवाणी न्यायालयात. सोबत प्रथम खबर, अटकेचे कागद, रिमांडचे अर्ज, जामिनाचा हुकूम, दोषारोपपत्र आणि निकाल यांच्या प्रमाणित नकला, तुरुंगातल्या काळाचा दाखला, नोटिशीची प्रत आणि पोच. नुकसानीसाठी पगारपत्रकं, निलंबनाचा आदेश, वकिलाच्या फीच्या पावत्या, औषधोपचाराची बिलं. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर चढते. ती झेपत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 33 खाली निर्धन म्हणून दावा लावण्याची परवानगी मागता येते. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

मूलभूत हक्काचा भंग उघड दिसत असेल तर संविधानाच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका हा दुसरा रस्ता. तिथे कलम 80 ची नोटीस लागत नाही, पण साक्षीपुराव्यात शिरावं लागणारं प्रकरण न्यायालय दिवाणीकडे धाडतं. निर्दोष ठरूनही बिहारच्या तुरुंगात 14 वर्षं राहिलेल्या रुदुल शाह यांना 1983 मध्ये सुप्रीम कोर्टानं एकूण 35,000 रुपये दिले. राज्याच्या सार्वभौम संरक्षणाची (राजसत्तेच्या कामाबद्दल राज्यावर दावा होत नाही, ही) सबब अशा याचिकांत चालत नाही, हे 1993 च्या नीलाबती बेहरा निकालानं पक्कं केलं. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना 2018 मध्ये 50 लाख मिळाले. आणि महाराष्ट्रातल्या एका खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांना मार्च 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं निर्दोष सोडलं, तेव्हा राज्यानं प्रत्येकी 5 लाख द्यावेत असा हुकूम झाला. त्याआधी त्याच कोर्टानं तिघांची फाशी कायम केली होती आणि बाकी तिघांची जन्मठेप वाढवून फाशी केली होती.

फौजदारी कायद्यातही भरपाईची एक तरतूद आहे. कारण नसताना अटक करायला लावणाऱ्याकडून मॅजिस्ट्रेट भरपाई देववू शकतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 399). जास्तीत जास्त 1,000 रुपये.