भुकेला जज आणि बारावी केस

परवा परत तो फॉरवर्ड आला, ‘जज उपाशी असला की कैदी आत, जेवून आला की कैदी बाहेर’. अगदीच हवेतली गोष्ट नाहीये ही. 2011 साली डॅन्झिगर आणि सहकाऱ्यांनी इस्रायलमधले पॅरोलचे हजाराच्या वर निकाल तपासले. सत्राच्या सुरुवातीला साधारण 65 टक्के अर्ज मंजूर, मग घसरत घसरत ब्रेकच्या आधी जवळपास शून्य, आणि खाऊन आले की पुन्हा 65. ग्राफ इतका देखणा की मोटिव्हेशनल स्पीकर मंडळींनी तो उचलला नसता तरच नवल.

पण 65 वरून शून्य, नुसत्या भुकेनं? मला तर ते ग्रहदशेच्या भाकितांइतकंच सोयीस्कर वाटतं.

त्याच वर्षी वाइनशाल-मार्गेल आणि शापार्ड यांनी, ज्या जर्नलमध्ये हा अभ्यास छापून आला होता, त्याच जर्नलला पत्र लिहिलं. भारी गणित वगैरे नाही, त्यांनी सरळ तिथल्या लोकांनाच विचारलं की केसेसचा नंबर लागतो कसा. तर एका तुरुंगाच्या केसेस शक्यतो ब्रेकच्या आधी संपवतात आणि त्यात वकील नसलेले कैदी सहसा शेवटी येतात, ज्यांना पॅरोल तसाही कमीच मिळतो. मूळ लेखक म्हणाले, वकिलाचा हिशेब धरूनही घसरण उरतेच.

मग 2016 मध्ये ग्लॉकनर नावाच्या सायकॉलॉजिस्टनं जे काढलं ते माझं सगळ्यात लाडकं. अर्ज फेटाळायला सरासरी 5 मिनिटं लागत होती, मंजूर करायला 7. आता समजा सत्र 60 मिनिटांचं आहे आणि जजला भूक लागतच नाही. सगळे मंजूर केले तर जेमतेम 8 केसेस बसतात, सगळे फेटाळले तर 12. म्हणजे बारावी केस यायची तर आधीच्या 11 च्या 11 फेटाळलेल्या हव्यात, आणि तिच्या वाट्याला उरतात 5 मिनिटं, त्यात मंजुरी बसतच नाही! त्यात घड्याळ बघून जज म्हणाला की ही जाडजूड फाइल ब्रेकनंतर घेऊ, बारीकसारीक असेल ते उरका, की शेवटच्या नंबरांची सरासरी आपोआप आपटते. त्यानं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून दाखवलं की केसेस कशाही क्रमानं आल्या तरी अशी घसरण दिसू शकते. भुकेचा परिणाम नाहीच असं नाही त्याचं म्हणणं, पण दिसतो तेवढा तो नसावा.

गंमत म्हणजे मूळ अभ्यास मॅनेजमेंटवाल्यांचा, एक चूक पकडली कोर्टाचं कामकाज कळणाऱ्यांनी, दुसरी सायकॉलॉजिस्टनं. एकट्यादुकट्याला हे जमत नाही, कायदेवाल्यांना आकडे नको असतात आणि आकडेवाल्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या नसतात. म्हणून 2004 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून याच विषयाचं, म्हणजे आकडेवारीच्या आधारे कायदा-कोर्टांचा अभ्यास करण्याचं, जर्नल निघालं आणि 2006 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला पहिली परिषद भरली. अशा परिषदांत पेपरमागे एक माणूस नेमतात, त्यानं तो आधी वाचून यायचं आणि सगळ्यांसमोर खोड्या काढायच्या. ‘नंबर कोण लावतं?’ हा प्रश्न तिथं पहिल्या पाच मिनिटांतच कुणीतरी विचारला असता असं मला वाटतं.