पोराला रिमांडात टाकलं की दारू सुटते का?

कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या भागात घरोघरी रोख पैसा खेळतो, पोरांच्या हातातही. मग महिनाभरात एखादा बाप येऊन बसतो. "भाऊ, पोट्टं हाताबाहीर गेलं. चार-सहा महिने रिमांडात टाकता येते का? तेवढ्यात दारू बी सुटन."

दुसरा बाप याच्या नेमका उलटा. त्याच्या पोरानं कुणाच्या तरी विहिरीवरची केबल कापून विकलेली असते, पोलीस दारात असतात आणि हा हात जोडतो, "साहेब, केस नका करू, याले व्यसनमुक्तीत टाकतो."

एकाला औषध हवं असतं तर तो कोठडी मागतो. दुसऱ्यावर कायद्याचं प्रकरण असतं तर तो दवाखान्याआड लपू पाहतो. गावात दोन्ही जागांना सरसकट 'सुधारगृह' म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो.

रिमांड होम हे जुनं नाव. २०१५चा बाल न्याय कायदा त्याला निरीक्षणगृह म्हणतो. तिथं आईबापाच्या अर्जानं कुणी जात नाही. गुन्ह्याचा आरोप असलेलं, घटनेच्या दिवशी १८ वर्षं पूर्ण न झालेलं मूल तिथं जातं, आणि तेही बाल न्याय मंडळाच्या आदेशानं. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. पोलिसांनी मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मंडळापुढे उभं करायचं असतं. लॉकअपमध्ये ठेवायचंच नसतं. गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला जामीन मिळणं हा नियम आहे आणि नाकारणं हा अपवाद. म्हणजे निरीक्षणगृह ही चौकशी चालू असतानाची थांबायची जागा झाली. गुन्हा सिद्ध झाल्यावर मंडळ विशेष गृहात पाठवू शकतं, तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. समज देऊन घरी सोडणं, समुपदेशन, परिविक्षा (म्हणजे देखरेखीखाली मोकळं सोडणं) असे सौम्य मार्गही मंडळाच्या हातात असतात. गुन्हाच नसेल, नुसतं पोर बिघडलंय, तर पहिल्या बापासाठी हे दार उघडतच नाही.

"पण तिथं दारू भेटत नाही ना?" हा त्याचा पुढचा प्रश्न. नाही भेटत. पण न मिळणं म्हणजे सुटणं नव्हे, आणि ही चूक महागात पडते. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, समोर नसलेलं दिसू लागतं, वेळीच उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. हात थरथरतायत, घाम सुटलाय, रात्रभर झोप नाही, याला घरचे 'पोट्टं नाटक करते' म्हणतात. ते औषध मागणारं शरीर असतं. व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगणाऱ्या पोरांचं आणखी वेगळं. त्यांना तपासताना डॉक्टरला काय हुंगलं आणि किती दिवसांपासून, हे खरं सांगावं लागतं.

व्यसनमुक्ती केंद्राकडे आता याच नजरेनं पाहा. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८मध्ये लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून येणाऱ्या मानसिक अवस्था त्यानं मानसिक आजारात धरल्या. म्हणून हे केंद्र कायद्यानं दवाखान्याच्या पंगतीत बसतं, आणि अल्पवयीन मुलाला भरती करायचे नियम कडक आहेत. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एका डॉक्टरनं, स्वतंत्रपणे तपासून हे मूल भरती करण्याइतकं आजारी आहे असं ठरवायचं. त्याला मोठ्या माणसांपासून वेगळं ठेवायचं. पालक किंवा पालकानं नेमलेलं कुणीतरी पूर्ण मुक्काम सोबत राहायचं, मुलगी असेल तर बाईमाणूसच. साखळीनं बांधणं तर कुणालाच, कसंही, चालत नाही.

हे वाचून मला एक खाजगी केंद्र आठवतं. एका हॉलमध्ये चाळिशीतले बेवडे आणि त्यांच्यामध्ये आमच्या गावचं १७ वर्षांचं पोर. डॉक्टर आठवड्यातून एकदा. गेला तेव्हा तो फक्त मोहाची पीत होता. परत आला तेव्हा गांजा कुठं मिळतो ते पाठ करून आला होता. बापानं त्यासाठी तुरीचे पैसे मोजले होते. मी तेव्हा त्याला नियम विचारायला सांगितलं नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हते.

आणि व्यसन एकटं येतं असंही नाही. कधी आधी नैराश्य असतं आणि दारू हा त्याचा घरगुती इलाज असतो. कधी गांजानंतर कानात आवाज सुरू होतात. कधी पोर लहानपणापासूनच एका जागी बसू न शकणारं असतं आणि शाळेनं त्याला केव्हाच 'वाया गेलेलं' ठरवलेलं असतं. आमच्याकडे यातलं निम्मं 'बाहेरचं लागलं' या एका शब्दात बसतं, आणि महिना दोन महिने देवऋष्याकडे जातात. जायचं तर जावं, पण औषधही चालू असावं. विदर्भासाठी प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला आहे. त्याआधी जिल्हा रुग्णालय आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा फोन फुकट आहे.

आता दुसऱ्या बापाकडे वळू, कारण त्याच्या बाबतीत दोन्ही जागा एकमेकींना जोडता येतात आणि हेच फार कुणाला माहीत नसतं. मूल संस्थेत असताना ते मानसिक आजारी किंवा व्यसनाधीन आहे असं मंडळाला वाटलं, तर बाल न्याय कायद्याचं कलम ९३ वापरून मंडळ त्याला मनोरुग्णालयात हलवू शकतं. तिथून सुटताना डॉक्टरांनी दिलेल्या सल्ल्यावरून व्यसनी लोकांच्या पुनर्वसन केंद्रातही पाठवू शकतं, मात्र उपचाराला लागेल तेवढ्याच काळापुरतं. घरी सोडतानासुद्धा कलम १८खाली मंडळ व्यसनमुक्ती उपचाराची अट घालू शकतं.

पण मंडळाला हे कळायला तर हवं! परिविक्षा अधिकारी सामाजिक तपासणी अहवालासाठी घरी येतो, तेव्हा आई म्हणते, "माझा पोरगा कशाले हात लावत नाही." तिला वाटतं, दारूचं नाव काढलं तर केस जड होईल. प्रत्यक्षात हेच नाव उपचाराचं दार उघडतं. वयाचा दाखला काढताना जुनी औषधाची चिठ्ठी, जिल्हा रुग्णालयाचा केसपेपर, जे असेल ते सोबत घ्या आणि पहिल्याच तारखेला सांगा.

सगळा दोष पोरावर ठेवणाऱ्यांनी कलम ७७ही वाचावं. मुलाला दारू किंवा तंबाखूजन्य वस्तू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. यात दहा वर्षांच्या पोराला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून देणारा पानठेलाही आला. पानठेल्यावर हे बोललो की लोक हसतात. दारूबंदीच्या वर्धा-गडचिरोलीत पोराच्या हाती बाटल्यांची पिशवी देऊन पाठवणाऱ्यासाठी पुढचं कलम ७८ आहे, शिक्षा तेवढीच.

पहिला बाप शेवटी पोराला घेऊन जिल्हा रुग्णालयात गेला. भरती करावं लागेल आणि घरचं कुणीतरी सोबत राहावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. पोराची आई बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "तवापावतर वेचणीचं कसं?" शेवटी आजी थांबली. लुगड्याची घडी, एक डबा आणि खर्र्याची पुडी घेऊन आली होती. पुडी नर्सनं दारातच काढून घेतली.