हिरडीवरचं पांढरं: रंग गेला की थर चढला?

"कोड तर न्हवं?" खालचा ओठ बोटानं ओढून दाखवत मावशीनं पहिलं हेच विचारलं. ती निपाणीजवळची, तंबाखूच्या मुलखातली. वर्षानुवर्षं जिथं तंबाखू-चुन्याचा बार धरते, तिथल्याच हिरडीवर पांढरट, सुरकुतलेला पट्टा होता.

कोड नव्हे. कातडीला रंग मेलॅनिनचा, ते गेलं की पांढरं दिसतं. हिरडीचा गुलाबीपणा रक्ताचा. तिथलं मेलॅनिन गेलं तर काळपट हिरडी गुलाबी होईल, पांढरी नाही. हिरडीवर असा पांढरा डाग दिसतो तेव्हा बहुधा वर काहीतरी चढलेलं असतं आणि खालचं रक्त झाकलेलं असतं.

बऱ्याचदा चढतं ते केराटिन, नखात असतं तेच प्रथिन. हिरडीच्या तळाच्या पेशी विभागत वर सरकतात आणि वर येता येता केराटिननं भरतात. रोज तंबाखू-चुना लागला किंवा तुटका दात घासत राहिला की हा थर जाड होतो, खुरप्यानं हाताला घट्टा पडतो तसा. मग हातावरचा घट्टा पांढरा का नसतो? तो कोरडा असतो म्हणून. मावशीच्याच टाचा एरवी पिवळट, पण वेदगंगेवर धुणं धुऊन आली की पांढऱ्याफटक. केराटिन पाणी पिऊन फुगतं, प्रकाश त्या थरातच विखुरतो आणि रक्तवाहिन्यांपर्यंत पोचण्याआधीच बराचसा माघारी येतो. तोंडातला घट्टा तर 24 तास लाळेत भिजत असतो.

सगळंच पांढरं घट्ट्याचं नसतं. पुसून निघालं आणि खाली लाल दिसलं तर बहुधा कॅन्डिडा बुरशी; मधुमेह, कवळी, दम्याचा स्टिरॉइड पंप असणाऱ्यांत ती जास्त. बारीक जाळीसारख्या रेषा लायकेन प्लॅनस या दाहाच्या आजाराच्या असू शकतात. दातदुखीवर हिरडीला अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवली तर पेशी भाजून मरतात, तोही डाग पांढराच.

पुसून न निघणाऱ्या, दुसरं कारण न सापडणाऱ्या डागाला ल्युकोप्लाकिया म्हणतात. हे नाव हंगेरीतल्या श्विमर या त्वचारोगतज्ज्ञानं 1877 मध्ये रूढ केलं. त्यातले काही पुढं कर्करोगाकडे वळतात. कुठले, ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही, बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, लागते. आपल्याकडे मात्र कुणी 'उष्णता' म्हणून सब्जा पीत बसतं, कुणी दृष्ट काढतं, आणि महिने जातात. याचा मला खरंच राग येतो. 2 आठवड्यांत न गेलेला डाग दंतवैद्याला दाखवायलाच हवा.

मावशीचा पट्टा दुखत नव्हता, म्हणूनच तिनं तो इतके दिवस कुणाला दाखवला नाही. सोमवारी आम्ही बेळगावला तपासणीला जातोय. तंबाखूची चंची तिनं माझ्याकडे दिली आहे.