विश्वामित्री नदी

विश्वामित्री : मध्य गुजरातमधील एक लहान नदी. पावागडच्या डोंगरात उगम पावून ती पश्चिमेकडे वाहत येते, बडोदे (वडोदरा) शहरातून नागमोडी वळणे घेत दक्षिणेस उतरते आणि पिंगळवाड्याजवळ ढाढर नदीला मिळते. ढाढर पुढे खंबातच्या आखातात जाते. सूर्या ही तिची मुख्य उपनदी. नावाचा संबंध विश्वामित्र ऋषींच्या पावागडावरील तपश्चर्येशी जोडला जातो. ही कथा स्थलमाहात्म्याची आहे, नावाच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून ती धरता येत नाही.

बडोद्याच्या जन्माचा प्रश्न या नदीच्या दोन काठांवर अडकलेला आहे. सर्वांत जुनी वस्ती पश्चिम काठावर, आजच्या अकोटा भागात होती. तिचे प्राचीन नाव अंकोट्टक. येथील उत्खननात इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासूनचे अवशेष मिळाले. १९५१ च्या सुमारास जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा हाती लागला. त्यातील ऋषभनाथाच्या एका मूर्तीवरील लेखात जिनभद्र वाचनाचार्यांचे नाव आहे. कलेतिहासाचे अभ्यासक उमाकांत शाह यांनी हे जिनभद्र म्हणजे जैन ग्रंथांचे प्रसिद्ध भाष्यकार जिनभद्रगणी क्षमाश्रमण असे मानले व मूर्तीचा काळ सहाव्या शतकाच्या मध्याजवळ ठेवला. लेखाची अक्षरवटिका (अक्षरांची घडण) पाहता हे मत ग्राह्य वाटते. मात्र साठ्यातील सर्व मूर्ती एका काळाच्या नाहीत, आणि नाजूक घडणीची चामरधारिणी तर बरीच नंतरची, बहुधा आठव्या शतकातील.

पूर्व काठावर वडपद्रक हे खेडे होते. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्क सुवर्णवर्ष याने शके ७३४ (इ. स. ८१२-१३) च्या ताम्रपटाद्वारे ते एका ब्राह्मणास दान दिले. ताम्रपटात हे गाव अंकोट्टक-८४ (चौऱ्याऐंशी गावांचा गट) या विभागात गणले असून त्याची पश्चिम सीमाही अंकोट्टक अशी दिली आहे. म्हणजे त्या वेळी मोठे गाव नदीपलीकडचे, आणि ज्याच्या नावावर आजचे शहर उभे आहे ते त्याच्या हद्दीतले एक खेडे. पुढे हा क्रम कसा उलटला? पुरामुळे लोक पूर्वेकडील उंचवट्यावर, आजच्या कोठीच्या परिसरात सरकले, असे बरेच अभ्यासक मानतात. ते संभवनीय आहे, पण ८१२ मध्ये अंकोट्टक नांदते होते हे लक्षात घेता स्थलांतर एका पुराने नव्हे, तर टप्प्याटप्प्याने झाले असावे. सोळाव्या शतकाच्या आरंभी गुजरातच्या सुलतानांच्या काळात तटबंदीचे शहर वसले तेही आणखी पूर्वेला. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी हे चार दरवाजे त्याचेच.

१७३४ मध्ये बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले, तरी नदीकाठाकडे शहराची खरी दृष्टी वळली ती तिसऱ्या सयाजीरावांच्या राजवटीत. १८७९ मध्ये काठावर सयाजीबाग तयार झाली. मराठी घरांत तिला आजही कमाटीबागच म्हणतात. बागेतील संग्रहालयाची इमारत १८९४ ची. काळ्या घोड्याचा पुतळा, म्हणजे सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा, बागेच्या प्रवेशद्वाराजवळ आहे. जवळच्या पुलालाही त्याचेच नाव पडले. पुलाजवळ असलेले कीर्तिमंदिर गायकवाड घराण्याचे स्मारक, १९३६ मध्ये बांधून झाले. नंदलाल बोस यांनी आतील चार भिंतींवर गंगावतरण, मीरेचे जीवन, नटीर पूजा (रवींद्रनाथ टागोरांचे नाटक) आणि महाभारतयुद्ध ही भित्तिचित्रे रंगविली. बडोद्याला येणारे बहुतेक पाहुणे लक्ष्मीविलास राजवाडा पाहून परततात आणि ही चित्रे राहूनच जातात.

शहराला पाणी विश्वामित्रीचे नव्हे, तिच्या खोऱ्याच्या वरच्या भागातील आजवा जलाशयाचे (सयाजी सरोवर) मिळू लागले. ती योजना जगन्नाथ सदाशिव या अभियंत्याची, पाणी शहरात आले १८९२ मध्ये. आजव्याला ६२ दरवाजे आहेत. ते उघडले की काही तासांनी काळ्या घोड्याच्या पुलावरील पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पट्टीकडे सगळ्यांचे डोळे लागतात. तेथे २६ फूट ही धोक्याची पातळी मानतात. जुलै २००५, जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ या पुरांत ती ओलांडली गेली. काठची कोतरे (पाण्याने कोरलेल्या घळी) भराव घालून बुजविली गेल्याने पाण्याला पसरायला जागा उरली नाही, हे कारण मुख्य मानावे लागते.

शहरातून वाहताना नदीत सांडपाणी मिसळते, तरीही तिच्यात मगरींची मोठी वस्ती आहे. २०२५ च्या गणनेत त्या चारशेंहून अधिक भरल्या. हिवाळ्यात सकाळी उन्हाला तोंड करून त्या चिखलाच्या उतारावर निपचित पडलेल्या असतात, आणि पुलावर स्कूटर थांबवून माणसे त्यांना मोजतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीस माद्या काठच्या मातीत अंडी घालतात. पावसाच्या तोंडावर पिल्ले बाहेर पडतात. पूर आला की मगरी माणसांच्या वस्तीत शिरतात. २०२४ च्या पुरात अकोटा भागातील एका घराच्या छपरावर मगर बसलेली आढळली होती.