मोहावरची वटवाघळं आणि गोठ्यातली म्हैस

मार्च-एप्रिलात गडचिरोली-गोंदियाकडे बाया पहाटेच टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघतात. त्याच झाडांवर रात्रभर वटवाघळांची जेवणावळ चाललेली असते. कोविडच्या दिवसांत लोकांचा सगळा राग या जिवावर निघाला, आणि मला तो अन्याय वाटतो.

कोरोना विषाणूच्या अंगावरचा काटा पेशीवरच्या एसीई-२ नावाच्या प्रथिनात रुततो, तेव्हाच विषाणू आत शिरतो. हे प्रथिन माणसात आहे, रोह्यात म्हणजे नीलगाईत आहे, बिबट्यातही आहे. जातीगणिक त्याची घडण तेवढी थोडी बदलते. काटा जिथं टेकतो तिथले २५ घटक माणसाशी ताडून शास्त्रज्ञांनी २०२० साली हा विषाणू कुणाला जडू शकेल, अशी ४१० पृष्ठवंशी प्राण्यांची प्रतवारी लावली. त्यात ३७ जातींची वटवाघळं होती, आणि एकूण एक 'कमी' किंवा 'अगदी कमी' धोक्याच्या रकान्यात पडली! अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण मात्र 'जास्त' धोक्याचं ठरलं. पुढं तिथल्या रानातल्या हरणांत हा विषाणू खरोखरच सापडला.

पण पाणमांजराच्या नात्यातल्या मिंकनं हा अंदाज चुकवला. त्याचं कुळ खालच्या रकान्यात होतं, तरी युरोपातल्या मिंकपालन केंद्रांत साथ पसरली आणि तिथून माणसांकडे परतली. डेन्मार्कनं नोव्हेंबर २०२० मध्ये देशातले सगळे पाळीव मिंक मारायचं ठरवलं, दीड कोटीहून जास्त. नुसत्या प्रथिनावरून भागत नाही, हे तिथं कळलं.

म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या केरी इन्स्टिट्यूटच्या गटानं प्रथिनासोबत प्राण्याचं खाणं, आयुष्य, वावर अशी माहितीही संगणकाला शिकवली. विषाणू जडून पुढं पसरवण्याची शक्यता जास्त, अशा ५,४०० सस्तन जातींतल्या ५४० त्यातून पुढं आल्या. पाळीव जनावरांत सगळ्यात वर निघाली म्हैस.

याचा अर्थ आपल्या म्हशी आजारी आहेत असा नाही. ही यादी आधी कुठं पाहायचं तेवढं सांगते. आणि आपल्याकडे पाहायची जागा उघड आहे: उन्हाळ्यात जंगलातलं पाणी आटलं की गावच्या तळ्यावर दिवसा म्हशी डुंबतात, रात्री तिथंच चितळं नि रोही येतात, कुत्र्यांच्या मागानं बिबट्याही येतो. नमुने घ्यायचे तर मी त्या काठापासून सुरुवात करीन. गुराख्याचेही घेईन, कारण २०२१ च्या मे महिन्यात हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातल्या आठ सिंहांना कोविड झाला, तेव्हाही पहिला संशय माणसावरच होता.